लग्न थांबलं, हमीपत्रही झालं. आता ऊसतोडीची टोळी निघायची वेळ आली; बहिणीला ठेवायचं कुठं?

थोरली

नमस्कार. मी केज तालुक्यातली. सध्या चाकणला एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. प्रश्न माझ्या बहिणीचा आहे. ती दहावीला आहे, सोळावं चालू आहे. नाव लिहीत नाही, धाकटी म्हणते.

जूनमध्ये तिचं लग्न होतं. पोरगा चोवीस वर्षांचा, आमच्या टोळीच्या मुकादमाच्या नात्यातला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात; तो एकटा, म्हणजे अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला उचल (हंगामाआधीचे आगाऊ पैसे) अर्धीच मिळते आणि टोळीत कुणी धड घेत नाही. बायको आली की कोयता पुरा. हे मी चिडून लिहीत नाही, बैठकीत असंच बोलणं झालं होतं. मुकादम म्हणाला, मांडवाचा खर्च उचलीत धरू.

हळदीच्या दिवशी ग्रामसेवक, अंगणवाडीची ताई आणि दोन पोलीस दारात आले. लग्न थांबलं. आई-अण्णांना बीडला बालकल्याण समितीपुढं नेलं, अठरा वर्षं पुरी होईपर्यंत लग्न करणार नाही असं हमीपत्र लिहून घेतलं आणि धाकटीला परत त्यांच्याच ताब्यात दिलं. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. तिचं तोंड पुसट केलं होतं, पण मागं आमचं निळं दार आणि दारावरचं अण्णांचं नाव स्पष्ट दिसत होतं. मग काय, सगळ्या गावाला कळलं.

त्यानंतर विचारायला कुणी आलेलं नाही.

आता दसरा झाला. आई-अण्णांनी सव्वा लाख उचल घेतलीय, दिवाळीनंतर बेळगावकडच्या कारखान्याला जायचंय. आजी होती तोवर धाकटी तिच्यापाशी राहायची. आजी गेली. भाऊ नऊ वर्षांचा, तो संगं जाईल. धाकटीला घरात एकटी ठेवायला आई तयार नाही, आणि त्यात तिचं मला चुकीचंही वाटत नाही. संगं नेली तर दहावी बुडाली, आणि तो पोरगा त्याच टोळीत आहे. तिथं उसाच्या फडावर कोण बघायला येतंय?

माझ्याकडं का नाही आणत, असं कुणी विचारायच्या आधीच सांगते. एक खोली आहे. नवरा, मी, माझी पोरगी आणि बावीस वर्षांचा दीर. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

मला विचारायचंय ते एवढं:
ते हमीपत्र कर्नाटकात चालतं का? तिकडं लग्न लावलं तर आईला जेल होईल का? आणि अशा पोरींना चार-पाच महिने ठेवून घेणारं काही सरकारी आहे का, जिथून तिला परीक्षा देता येईल?

अजून एक. १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन मी केला होता, कँटीनच्या मागं उभी राहून. घरी सगळ्यांना वाटतं की अंगणवाडीच्या ताईनं कळवलं. आई तिच्या दारावरून जाताना थुंकते. सांगावं का?

शेतकरीपुत्र

ताई, राग मानू नका, पण आई-बापाची बाजू पण बघा. वयात आलेली पोरगी, मोबाईल हातात, उद्या कुणाबरोबर पळून गेली तर तुमचा कायदा अब्रू भरून देतो का? आमच्या गावात दोन वर्षांत तीन प्रकरणं झाली. लोक शहाणे झालेत म्हणून लवकर उरकतात. ज्याचं जळतं त्याला कळतं.

वकीलबाई (लातूर)

थोरली, तुमच्या प्रश्नांपुरतं उत्तर देते. पळून जाण्यावर नंतर बोलू.

हमीपत्र म्हणजे आई-वडिलांनी समितीला दिलेला शब्द. मोडला तर समिती पुन्हा कारवाई करू शकते, पण तेवढ्यानं झालेलं लग्न आपोआप रद्द होत नाही. महाराष्ट्रात बालविवाह 'रद्द होण्याजोगा' असतो. मुलीनं स्वतः जिल्हा न्यायालयात जाऊन तो रद्द करून घ्यायचा, वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत. कागदावर हे चांगलं दिसतं. सासरी नांदणाऱ्या, कडेवर मूल असलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या किती मुली नवऱ्याविरुद्ध अर्ज घेऊन येतात, ते मी रोज पाहते. हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या.

म्हणून हमीपत्रावर थांबू नका, मनाई हुकूम घ्या. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६, कलम १३. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. ग्रामसेवक करू शकतो आणि खात्रीची माहिती असलेली कुणीही व्यक्ती करू शकते, म्हणजे तुम्हीही. घाई असेल तर समोरच्यांना नोटीस न देता तात्पुरता हुकूम मिळतो. हुकूम असताना लग्न लावलं तर कलम १४ प्रमाणे ते मुळातच अवैध ठरतं, मुलीला वेगळा दावा लावावा लागत नाही. शिवाय हुकूम मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्जात फक्त आई-वडिलांची नावं घालू नका. तो मुलगा, त्याचे वडील आणि मुकादम, तिघांचीही घाला. मुकादमाला न्यायालयाचा कागद हातात पडणं, याचा आमच्या भागात फार उपयोग होतो.

कर्नाटकाबद्दल तुमची भीती रास्त आहे, पण कायदा तिथे आपल्यापेक्षा कडक आहे. कायदा केंद्राचाच, पण कर्नाटकानं त्यात दुरुस्ती करून बालविवाह सुरुवातीपासूनच अवैध ठरवलाय. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या निकालात या दुरुस्तीचं कौतुक केलं आणि इतर राज्यांनीही असं करावं असं सुचवलं. आपल्याकडे अजून ते व्हायचंय. तेव्हा 'तिकडं जाऊन उरकू, तिकडं कोण विचारतंय' असं मुकादम म्हणत असेल तर त्याला हे जरूर ऐकवा.

तोच २०१७ चा निकाल दुसऱ्या कारणानंही महत्त्वाचा आहे. बायको अठराच्या आतली असेल तर तिच्याशी शरीरसंबंध हा बलात्कारच, नवरा असला तरी. आता हे नव्या भारतीय न्याय संहितेतही आलंय. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागतो तो वेगळाच. मुलगी सतराव्या वर्षी बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात गेली की डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. त्या चोवीस वर्षांच्या मुलाच्या घरी हे कुणीतरी शांतपणे समजावून सांगा. धमकी म्हणून नको. बऱ्याच जणांना खरंच ठाऊक नसतं.

आईला जेल? या कायद्यात बाईला कैदेची शिक्षा नाही. दंड होऊ शकतो. वडिलांना मात्र कैद होऊ शकते, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. केजच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते. फोन लावायचा तर १५१००.

फोन कुणी केला हे कुणी विचारलं तर सांगायला तुम्ही बांधील नाही. माझं मत, आत्ता सांगू नका. परीक्षा होऊ दे.

फडावरची लेक

शेतकरीपुत्र, 'ज्याचं जळतं' म्हणालात म्हणून लिहिते. माझं जळलंय. मी धारूरकडची, आता सांगलीला नर्स आहे. आठवीपर्यंत दर हंगामाला फडावर होते.

तुम्ही मोबाईल आणि पळून जाण्याचं सांगताय. कोपी बघितलीय का कधी? बांबूचे ताटवे आणि वर प्लास्टिक. दार नसतं, पडदा असतो. आई-बाप पहाटे तीनला गाडी भरायला जातात. मागं दहा-बारा वर्षांची पोरगी, कडेवर तान्हं भावंड, चुलीवर भाकऱ्या. संडासला उसात जायचं, तेही अंधारात. थळावर, म्हणजे कोप्यांच्या तळावर, ट्रॅक्टरवाले, कारखान्याचे स्लिपबॉय, गावातली टगी पोरं. काही झालं तर तक्रार कुणाकडं करणार? मुकादमाकडं, ज्याची उचल अंगावर आहे. एक दिवस पोलीस ठाण्यात गेला तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे उलट कापून घेतात. आई-बाप लग्नाची घाई करतात ते अब्रूपायी, हे खरंय. पण अब्रूला धोका पोरीच्या मोबाईलपासून नाही, त्या पडद्यापासून आहे. लग्न झालं की जबाबदारी नवऱ्याची, एवढाच हिशोब. आणि नवऱ्याला कोयता पुरा करायचा असतो. दोन्हीकडच्या अडचणी पोरीच्या गळ्यात बांधून मोकळे होतात.

पुढं काय होतं ते मी वॉर्डात बघते. सोळाव्या वर्षी लग्न, एकोणिसाव्या वर्षापर्यंत दोन मुलं, मोळ्या वाहून वाहून अंग दुखतंय, पांढरं जातंय, आणि पंचविशी-तिशीत कुणीतरी सांगतं की पिशवी काढून टाक, कटकट जाईल, खाडेही होणार नाहीत. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांची पाहणी झाली तेव्हा ८२ हजारांतल्या १३ हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. यातल्या किती जणींची लग्नं अठराच्या आत झाली असतील, अंदाज करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) आपल्या जिल्ह्यात विशी-चोविशीतल्या शंभरातल्या चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. अख्ख्या राज्यात तेच बावीसच्या आसपास. बीडच्या लोकांना पोरींची माया राज्यापेक्षा निम्मीच आहे का? नाही. कोयता आहे.

थोरली, आता तुझ्यासाठी. (अगं-तुगं करते, मोठी असशील तर माफ कर.)

शाळेचं 'हंगामी वसतिगृह' आणि राहायचं वसतिगृह यात गल्लत करू नकोस. हंगामी वसतिगृहात बहुतेक ठिकाणी पोरांना दोन वेळचं जेवण शाळेत मिळतं, रात्री झोपायला आपापल्या घरी किंवा नातेवाइकांकडं जायचं. तुझ्या घरी कुणीच नाही, म्हणजे त्याचा उपयोग नाही. तिला हवंय ते संत भगवानबाबा वसतिगृह. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठीच २०२१ मध्ये सरकारनं ४१ तालुक्यांत ८२ मंजूर केली, मुलींचं वेगळं, मुलांचं वेगळं. सगळी सुरू नाहीत, इमारती भाड्याच्या आहेत, जेवणाच्या तक्रारी असतात. पण दार आहे, कडी आहे आणि गृहपाल बाई आहे.

आणि आईशी भांडू नकोस. माझ्या वेळी माझ्या चुलतीनं माझ्या आईला पैशाच्या भाषेत समजावलं होतं. पोरगी संगं नेलीस तरी कोयता तुमचा एकच, तिची उचल काही वेगळी मिळणार नाही, वर तिचं खाणं आणि रात्रभर जागून तिची राखण. हॉस्टेलला ठेवलीस तर निवांत झोपशील. आईला 'निवांत झोपशील' हे पटलं, शिक्षणाचं काही नाही. शिक्षणाचं नंतर, माझा पहिला पगार घरी आला तेव्हा पटलं.

फोनचं वकीलबाई म्हणतात ते बरोबर असेल. मला मात्र त्या अंगणवाडीच्या ताईचं वाईट वाटतं. आईला नको सांगूस, पण तिला तरी सांग.

शेतकरीपुत्र

थळावरचं म्हणताय ते मान्य. आम्ही ऊस लावणारे, तोडणाऱ्यांच्या कोप्या आमच्याच बांधाला असतात, तरी आत डोकावलो नाही कधी. पण पळून जाण्याची भीती खोटी नाही एवढंच माझं म्हणणं.

वकीलबाई (लातूर)

खोटी नाही. पण माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांत मुलगी बहुतेक वेळा ठरलेलं लग्न टाळायला निघालेली असते. 'पळून जाईल म्हणून लग्न' आणि 'लग्न ठरलं म्हणून पळाली' यात आधी काय झालं, ते तुमच्या गावातल्या तिन्ही प्रकरणांत एकदा तपासा.

निवृत्त भाऊसाहेब

मी ग्रामसेवक म्हणून एकतीस वर्षं काढली. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, कामं तीच. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून गावात जबाबदारी आमचीच.

लग्न थांबवणं अवघड नाही. पोलीस दिसले की मांडव रिकामा होतो, फार तर जेवणावळ उरकून घेतात. खरी गंमत पुढच्या आठवड्यात असते. रात्री दोनला, दुसऱ्या तालुक्यातल्या देवळात, पाच माणसांत लग्न लागतं आणि सकाळी पोरगी सासरी. आम्हाला कळतं ती गरोदर म्हणून आशाताईच्या वहीत नाव आल्यावर. त्यामुळे फक्त आपल्या गावच्या ग्रामसेवकाला धरून भागत नाही. पोराच्या गावच्या ग्रामसेवकालाही लेखी कळवा, तिथल्या पोलीस पाटलालाही. अर्जावर आवक क्रमांक घ्या. तोंडी सांगितलेलं आमच्याकडून विसरलं जातं, हे मी स्वतःच्या खात्याबद्दल बोलतोय.

वयाचा पुरावा आत्ताच जमवून ठेवा. शाळेचा निर्गम उतारा किंवा बोनाफाईड आणि ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आधारवर अवलंबून राहू नका. ऐन वेळी आधारवर जन्मसाल बदलून आणलेलं मी पाहिलंय, आणि तसंही आधार हा जन्मतारखेचा पुरावा धरत नाहीत.

आता वसतिगृह. सगळ्यात आधी ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र लागेल, ते ग्रामपंचायतीतून मिळतं. तुमच्या आई-वडिलांची नोंद झालीय का बघा. पुष्कळांची झालेलीच नसते, कारण नोंदणीच्या वेळी माणसं फडावर असतात. ती टोळी निघायच्या आत करून घ्या, एकदा गाडी गेली की सह्या कुठून आणणार? मग पोरीचं बोनाफाईड, मागच्या वर्षीचं गुणपत्रक, बँकेचं पासबुक, फोटो. अर्ज गृहपालांकडे. तिथे जागा नाही म्हणाले तर बीडला समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे, सोबत बालकल्याण समितीच्या आदेशाची प्रत जोडा. कायद्यानं लग्नाचा धोका असलेलं मूल हे 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' आहे, समिती वसतिगृहाला पत्र देऊ शकते. पत्र मागा. न मागता देत नाहीत.

समितीकडून बालगृहाचा पर्यायही येईल. दुसरं काहीच जमलं नाही तर घ्या, पण दहावीच्या पोरीला बालगृहात ठेवलं की गावात 'तिला उचलून नेली' असं होतं. वसतिगृहाला तो डाग नाही.

शाळा बदलू नका. बोर्डाचे फॉर्म याच दिवसांत भरले जातात, मध्येच शाळा बदलायची तर बोर्डाची परवानगी, नसता उद्योग. वसतिगृह तालुक्याला असलं तर एस.टी.नं शाळेत येऊ दे, मुलींना बारावीपर्यंत पास फुकट आहे. मुख्याध्यापकांना सगळं सांगून ठेवा. सलग चार दिवस गैरहजर दिसली तर त्यांनी तुम्हाला फोन करायचा, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

थोरली

सगळ्यांचे आभार. रविवारी गावी जाऊन आले. मोबाईलवरून लिहितेय, चुका समजून घ्या.

आईला निवांत झोपेचं सांगितलं. ती म्हणाली, तू फडावर होतीस तेव्हा मी कुठं झोपले होते? मी पुढं काही बोलले नाही. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, तिथं बाप्ये असतात का? म्हटलं, नाही, बाई असते, रात्री गेट लावतात. मग विचारलं, संक्रांतीला सोडतात का? अण्णा काही बोलले नाहीत. पण ओळखपत्राच्या फॉर्मवर अंगठा द्यायला आले ग्रामपंचायतीत. आमची नोंद नव्हतीच. भाऊसाहेब म्हणाले तसं, पाहणीला माणसं आली तेव्हा आम्ही सगळे कर्नाटकात.

मुकादम संध्याकाळी घरी आला होता. म्हणाला, पोरीला मागं ठेवताय, मग मांडवाचे धरलेले पैसे परत करा. मांडव जूनमध्येच मोडला, पैसे त्यानं कधी दिलेच नव्हते, तरी वहीत लिहिलेत, पंचवीस हजार. अण्णा गप्प. धाकटी आतून बाहेर आली आणि म्हणाली, वही दाखवा. त्यानं दाखवली नाही. उद्या बघू म्हणाला आणि गेला. वकीलबाई, याचं काय करायचं ते पण सांगा. मनाई हुकमाचा अर्ज गुरुवारी करणार आहे. केजच्या विधी सेवेतल्या वकिलांनी तारीख दिलीय, मी सुट्टी टाकलीय. मुकादमाचं नाव घालतेय.

अंगणवाडीच्या ताईकडं गेले. सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, राहू दे माझंच नाव, तुला माहेराला यायचंय.

वकीलबाई (लातूर)

वहीतल्या पंचवीस हजारांचा अर्जातच उल्लेख करा. लग्नासाठी उचलीत रक्कम धरली, हेच त्याच्याविरुद्ध जातं. लग्न लावायला हातभार लावणाराही या कायद्यात गुन्हेगार आहे. पैसे देऊ नका, कशावरही सही करू नका. वडिलांनाही तेच सांगा, विशेषतः अंगठ्याबद्दल.

थोरली

बरं. अजून एक विचारते, वसतिगृहाच्या फॉर्मवर पालक म्हणून आईची सही चालते का? अण्णांना परवा अचानक पुढं पाठवलंय, कोप्या बांधायला.

निवृत्त भाऊसाहेब

चालते. पालक म्हणजे आईसुद्धा. ओळखपत्राच्या झेरॉक्स दोन काढा, एक पोच घ्यायला. आणि गृहपालांना दुपारी दोनच्या आत गाठा, नंतर त्या बाजाराला जातात.